काट्याची सुट्टी

हा प्रवास मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितला आहे. दुकानाच्या वर्धापनदिनाला सांगितला, व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात सांगितला, एकदा तर गळ्यात हार असताना सांगितला. पण दर वेळी तो एका जागी थांबवला. पुढचं सांगायचं टाळत टाळत मी म्हातारा झालो.

परवा नात म्हणाली, "आजोबा, लोक कशाला वैतागतात ते शोधायचं आणि त्यातून धंदा उभा करायचा, असं आता शिकवतात. तुम्ही तर ते तेव्हाच केलंत. लिहून द्या ना मला." तिला नाही म्हणवेना. आणि लिहायचंच तर पूर्ण लिहावं, असं वाटलं.

आमचं सोलापुरात शिवणकामाचं दुकान होतं. टांग्याच्या गाद्या, बैलांच्या झुली, ट्रकच्या ताडपत्र्या शिवायच्या. टांगे कमी होत चालले, तशी गाद्यांची कामं आटली. शिलाई मशिनवर धूळ बसू लागली. वडील थकले होते आणि दुकान विकावं अशी बोलणी घरात सुरू झाली होती. वडिलांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, ते एके दिवशी म्हणाले, "तू मोगलाईत फिरून ये. गिऱ्हाइकाला काय पाहिजे, ते विचारू नकोस. त्याला ते ठाऊक नसतं. ते कशावर कुरकुरतं, तेवढं ऐक. जिथं कुरकूर, तिथं भाकर."

मोगलाई म्हणजे उस्मानाबाद जिल्हा. निजामाचं राज्य जाऊन वर्षं झाली होती, जिल्हा आमच्याच राज्यात आला होता, तरी सोलापूरकरांच्या तोंडून तो शब्द जात नव्हता. पूर्वी वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागायचा आणि सामान सोडून दाखवावं लागायचं. आता यष्टी तिथून न थांबता गेली. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ मात्र सवयीनं पिशवीचं तोंड मोकळं करून बसले होते.

तुळजापूर

घाट चढून तुळजापुरात उतरलो. तिथं आमच्या ओळखीचं एक पुजाऱ्यांचं घर होतं. दर्शन झालं, जेवण झालं. काकूंनी पुरणाच्या पोळीवर तुपाची अशी धार धरली की मीच ताट मागं ओढलं.

जेवून ओसरीवर टेकलो, तोच आतून काकूंचा आवाज आला. "येतात ते येतात, पण अंथरूण म्हणून कुणी आणत नाही. घरात माणसं मोजायची की वाकळी?"

मी ताडकन उठून बसलो. सापडलं! यात्रेकरूंसाठी गुंडाळून नेता येईल असं अंथरूण शिवायचं. आनंदाच्या भरात मी काकूंना विचारलं, "काकू, हा त्रास नेहमीचा का?"

काकूंचा चेहरा पडला. काका मोठ्यानं हसले. "अहो, ती तुमच्याबद्दलच बोलत होती!"

त्या रात्री काकूंनी मला घरातली सगळ्यात मऊ वाकळ दिली. माझा पहिला धंदा तिथंच संपला. पुढं कित्येक वर्षं तुळजापूरला जाताना मी सोलापूरची चादर न्यायचो आणि ती तिथंच ठेवून यायचो.

उमरगा

नळदुर्गाला किल्ला पाहिला, पण किल्ल्यात कुरकुरायला माणूस नव्हता. तिथून उमरग्याला गेलो.

उमरगा हा हमरस्त्यावरचा गाव. हैदराबादकडं जाणारे ट्रक तिथं थांबायचे. चहावाला एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी उर्दूत बोलायचा आणि तिसऱ्याला "बर्री, कुंद्री" म्हणत कन्नडमध्ये बाकावर बसवायचा. आमच्याकडं कडक भाकरी फडक्यात बांधून चार दिवस पुरवून खातात. इथं तव्यावरची मऊ भाकरी, वर करडईचं कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी. ते तेल पहिल्यांदा जिभेला लागलं तेव्हा त्याचं झाड कसं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आप्पांचं सांगणं विसरून मी तिथं सरळ विचारत सुटलो. "तुम्हाला रोजच्या कामात काय त्रास होतो?" डोक्यावर टोपी, हातात पिशवी, पायात बूट. लोकांनी मला सरकारी माणूस ठरवलं. एकानं विहीर मागितली, दुसऱ्यानं रस्ता मागितला. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "काय सुदिक तरास न्हाय साहेब. सरकार लई चांगलंय." आणि मी वळताच शेजाऱ्याला म्हणाला, "पट्टी वाढवायला आलाय जणू."

तेव्हा कळलं, कुरकूर मागून मिळत नाही. माणसांत जाऊन बसावं लागतं.

लोहाऱ्याच्या अलीकडची वाडी

लोहाऱ्याकडं निघालेली यष्टी वाटेतच बसली. चालकानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि शांतपणे बिडी पेटवली. त्यावरून आम्ही काय ते समजलो. मी पायवाटेनं जवळच्या एका वाडीवर गेलो. वाडीचं नाव लिहीत नाही. तिथं ज्यांनी मला ठेवून घेतलं, त्यांना सगळे तात्या म्हणत. मोठी काळी जमीन, मोठं मन. कोण, कुठला हे विचारण्याआधी त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं.

"यष्टी बसली म्हणा की! बरं झालं. न्हायतर आमच्याकडं कोण येतंय?"

करडईची काढणी चालू होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांबरोबर रानात गेलो. हवेत गारठा होता, पानांवर दहिवर पडलेलं. बाया हाताला आणि पोटऱ्यांना चिंध्या गुंडाळून एका ओळीत वाकल्या होत्या. करडई म्हणजे अंगभर सुया लावलेलं झाड. बोंडाला काटे, पानाला काटे. दहिवरानं काटा मऊ पडतो, तेवढ्यात काढणी उरकायची. ऊन वर आलं की काटा कडक होतो आणि मग रानात शिरवत नाही. म्हणून दिवस नीट वर येण्याआधीच बाया विळे टाकून घरी जात. मजुरीचा रोज मात्र अख्ख्या दिवसाचा मिळे. ही तिथली फार जुनी रीत होती. बाया तिला काट्याची सुट्टी म्हणत.

कुरकूर मात्र काय सांगू! ओळीच्या टोकाला सोजरबाई होत्या. तिशी उलटलेल्या, उंच, नवरा नसलेल्या, तोंडानं फटकळ. त्यांच्या चिंधीत काटे अडकून चिंधीच वर आली.

"ह्या करडईच्या आईला कुणी दिलं असंल लगीन लावून?" त्या म्हणाल्या. "पोरगी बाई धड न्हाय. हात लावला की चावती."

बाया हसल्या. सोजरबाईंनी मला पाहिलं. "का वं पाव्हणं, नुसतं बघताय? या की जरा. सोलापूरचा हात कसा सोलतोय बघू."

मी गेलो. चार झाडं काढली आणि बोटं तोंडात घातली. बाया इतक्या हसल्या की तात्यांना बांधावरून ओरडावं लागलं.

लिंबाखालची दुपार

खरी वाडी मी पाहिली ती दुपारी. जेवणं आटोपून बाया एका मोठ्या कडुलिंबाखाली जमायच्या आणि वाकळी शिवायच्या. जुनी लुगडी, धोतरं, मुलांचे सदरे यांचे थर पसरायचे आणि चारी बाजूंनी चौघींनी टाके घालत मध्याकडं यायचं. सोजरबाईंचा टाका सगळ्यांत बारीक. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर सुईनं घट्टा पडला होता, चांगला चिंचोक्याएवढा. कोपऱ्यात त्या लाल कापडाची चिमणी बसवायच्या. "वळख पाहिजे की," म्हणायच्या.

त्यांची वाकळ लोहाऱ्याच्या बाजारात हातोहात जायची. वर्षातून ह्या काढणीच्या दिवसांतच अशा सलग दुपारी मिळायच्या, आणि त्याच दुपारींवर त्यांचा सगळा बेत उभा होता.

"आजून दोन-तीन सुग्या अशा गावल्या ना, मग म्या बाजारात बसनार," त्या म्हणाल्या. "सोताच्या वाकळी घिऊन. मग कुनाच्या बांधाला जायची न्हाय. तात्या बोलवाय आलं तर म्हनंन, वाकळ घ्या आन् गप निजा."

मी हसलो. धंद्याची वाट शोधत मी गावोगाव हिंडत होतो आणि समोर एक बाई स्वतःचा धंदा टाक्याटाक्यानं उभा करत होती. ते मला तेव्हा दिसलं नाही. मला फक्त काटा दिसत होता.

माझ्या पिशवीत झुलीच्या जाड कापडाचे नमुने होते. तिथंच लिंबाखाली बसून मी हातमोजा बेतायला घेतला, पाच बोटांचा, साहेबी. सोजरबाईंनी तो हातात घालून पाहिला आणि उलटा करून सगळ्यांना दाखवला.

"ह्यात बोटं घालस्तवर दहिवर वाळून जाईल. पाच घरं कशाला? समदी बोटं एका घरात घाला, नांदतील. अंगठा तेवढा निराळा काढा, न्हायतर विळा काय दातानं धरायचा?"

"आगं, हे तर हाताचं टोपडं झालं!" एक म्हातारी म्हणाली. नाव पडलं ते पडलं. पुढं आमच्या गठ्ठ्यांवर 'हातमोजे' छापलेलं असायचं, पण सगळा मुलूख टोपडंच म्हणायचा.

सोजरबाईंनी स्वतःच्या सुईनं पहिलं टोपडं शिवून दिलं. मी निघालो तेव्हा एक वाकळही माझ्या खांद्यावर टाकली, कोपऱ्यात लाल चिमणी असलेली. काकूंचा किस्सा मी त्यांना सांगितला होता ना! "आता कुनाच्या घरी गेलात तर बोलनी खाऊ नका," म्हणाल्या. सोबत फडक्यात धपाटे आणि चटणी. ते धपाटे मी यष्टीत खाल्ले आणि आता दुकान जगणार, असं मनात पक्कं ठरवून सोलापुरात उतरलो.

आजवर मी गोष्ट सांगत आलो ती इथवर.

दुसऱ्या वर्षी, तीच वाडी

पुढच्या काढणीला मी टोपड्यांचे गठ्ठे घेऊन परत गेलो. वडिलांनी, आप्पांनी, मी, सगळ्यांनी वर्षभर मशिनी चालवल्या होत्या. माल खपला नाही तर दुकान जाणार, हे ठरलेलं होतं.

पहाटे बायांनी टोपडी चढवली. पोटऱ्यांनाही मी तशीच खोळ केली होती. विळे सपासप चालले. ऊन वर आलं. सवयीनं बाया उभ्या राहिल्या, काटा कडक झाला का बघितलं आणि पुन्हा वाकल्या, कारण टोचत नव्हतं. एकीनं तर करडईचं झाड छातीशी धरून नाचून दाखवलं. तात्यांनी बांधावरून मला हाक मारली आणि सगळ्यांदेखत पाठीवर थाप दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं. आजही त्याबद्दल मला लाज वाटत नाही.

एक-दोन दिवस असे गेले. मग एका सकाळी ऊन चांगलं तापलं, बाया विळे टाकून निघाल्या, तेव्हा तात्या म्हणाले, "कुठं निघाला गं? आता काटा कुठाय?"

तात्या काही दुष्ट नव्हते. त्यांना ते साधं सरळ वाटलं. रोज अख्ख्या दिवसाचा, काटा लागत नाही, मग काम दिवसभर का नाही? बाया परत वाकल्या. दिवस मावळेपर्यंत वाकून राहिल्या.

दुपारी मी लिंबाकडं गेलो. खाली कुणी नव्हतं. बुंध्याशी सोजरबाईंची अर्धी वाकळ गुंडाळून ठेवली होती, सुई तशीच टोचलेली. एक कोंबडी तिच्यावर बसली होती.

संध्याकाळी त्या मला आडावर भेटल्या. "सोलापूरकर," म्हणाल्या, "आता दुपारला बी एक टोपडं शिवा. आमी घालून निजतो."

मी ओशाळून हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना असं गंभीर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"चेष्टा करत न्हाय म्या. टोपडं लई ग्वाड हाय. हात बघा, एक ओरखडा न्हाय. पर तात्यांचं आन् तुमचं जमतंय. तुमचं ऐकतील ते. एवढं सांगा त्यास्नी, टोपडी घालून काम लवकर उरकतंय, तर दुपार आमची आमाला ऱ्हाऊ द्या. आमी सांगितलं तर कामचोर म्हनतील. तुमी पाव्हणं, तुमाला न्हाय कोन म्हननार."

"सांगतो, सोजरबाई," मी म्हणालो. "आज जेवतानाच सांगतो."

"बघा बरं. वाकळ बाजारात न्यायचीय मला."

त्या संध्याकाळी तात्यांच्या ओसरीवर जेवायला बसलो. हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी, भाकरी. तात्या फार खुशीत होते. लोहाऱ्याकडचे दोन मोठे बागायतदार त्यांनी मुद्दाम बोलावून घेतले होते. त्यांच्यासमोर त्यांनी टोपडं हातात घालून दाखवलं.

"ही चीज बघा. आतापर्यंत बाया सकाळीच पसार व्हायच्या. आता बघा, दिवस मावळस्तवर रानात. पाव्हण्यांनी कमाल केली."

ते दोघं माझ्याकडं वळले. तुमच्याकडं असे किती गठ्ठे आहेत, म्हणाले. आसपासच्या सगळ्या गावांना सांगतो, म्हणाले.

माझ्या तोंडात घास होता. तो गिळून मी म्हणालो असतो, "तात्या, बायांची दुपार मात्र सोडा." तात्या थबकले असते, मग म्हणाले असते, "बरं, तुम्ही म्हणता तर." त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता. पण ते बागायतदार टोपडी घेत होते ती त्याच दुपारसाठी, हे मला दिसत होतं. दुपार सोडली असती तर त्यांना ती कशाला हवी होती?

तात्यांनी विचारलं, "भाकरी वाढू?"

मी म्हणालो, "वाढा."

सकाळी सोजरबाई रानातून हात करतील म्हणून मी दुसऱ्या वाटेनं यष्टीला गेलो.

पुढं

दुकान जगलं. वाढलं. वडील समाधानानं गेले. आप्पांचं वाक्य आम्ही दुकानात फळीवर लिहून लावलं. मी पुढंही हिंडत राहिलो आणि लोकांच्या वैतागातून कितीतरी वस्तू सापडल्या. या जिल्ह्यानं मला कधी उपाशी ठेवलं नाही. परका म्हणून कधी ओट्याखाली उभं केलं नाही. आज माझं जे काही आहे, ते तिथल्या माणसांनी आपल्या ताटातलं अर्धं उचलून माझ्या ताटात घातलं, म्हणून आहे. हे ऋण मी सत्कारांत बोललो ते मनापासून बोललो.

फक्त एक गोष्ट मी नवीन शिकलो होतो आणि ती कुणाला सांगत नव्हतो. माणूस ज्याच्यावर कुरकुरतो, त्याच्याच आड कधी कधी त्याचं काहीतरी जपलेलं असतं. आता मी कुणाची तक्रार ऐकली की आधी विचारतो, हा त्रास गेला तर तुझं काय जाईल? नातीलाही मी एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "हे आम्हाला शिकवलं नाही."

शेवटची फेरी

पुष्कळ वर्षांनी मी पुन्हा त्या वाडीवर गेलो. त्या खेपेला गठ्ठे नव्हते. सोजरबाईंना सांगायचं ते यष्टीत सारखं मनात घोळवत होतो.

त्या दारातच होत्या. केस पांढरे झालेले. मला पाहून उठल्या. "आगं बया! टोपडंवालं आलं! बसा, बसा. यष्टी बसली का पुन्यांदा?"

मी म्हणालो, "नाही. मुद्दाम आलो."

त्यांनी तवा टाकला. धपाटे झाले, दही आलं. तात्या थकले होते, त्यांचा मुलगा शेती बघत होता. लिंब तसाच होता. मी बाजाराचं विचारलं.

"न्हाय जमलं," त्या म्हणाल्या. "दुपारच गावली न्हाय. आन् रातच्याला डोळं साथ देत न्हाईत." आणि लगेच हात पुढं केले. "पर हे बघा. मऊ ऱ्हायल्यात का न्हाय? आमच्या आयांचं हात बघितलं असतं तुमी तर भ्याला असता. तुमचं उपकार हायेत."

मी ते हात पाहिले. काट्याची एक खूण नव्हती. आणि मधल्या बोटावरचा सुईचा घट्टाही नव्हता.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, माझी समजूत काढावी तशा. "तुमी वाईट वाटून घिऊ नका. तुमी सांगितलं असंल तात्यास्नी. त्यास्नी न्हाय पटलं. मोठ्या मानसाम्होरं तुमी तरी काय करनार?"

दूर रस्त्यावर यष्टीचा भोंगा वाजला. सोजरबाईंनी उरलेले धपाटे फडक्यात बांधले आणि माझ्या हातात दिले. मी ते घेतले, त्यांच्या पाया पडलो. त्या "आरं आरं, हे काय?" म्हणत मागं सरकल्या, आणि मी निघालो.

त्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची वाकळ माझ्या पलंगावर आहे. पुष्कळ ठिकाणी विरली, तरी चिमणी अजून लाल आहे. त्या दिवशी दारात जे म्हणायला गेलो होतो, ते फार लांबलचक नव्हतं.

सोजरबाई, तात्यांना पटलं नाही असं नाही. मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मला माफ करा.